एक्का-राणी आणि पहिल्या खुर्चीवरून आलेला रेझ

बावन्न पत्त्यांतून दोन पत्ते उचलण्याचे १,३२६ प्रकार आहेत. त्यात जोड्या ७८, एकाच कलरचे हात ३१२ आणि वेगवेगळ्या कलरचे ९३६. नो-लिमिट होल्डमचा प्रत्येक डाव या १,३२६ मधल्या एका हाताने सुरू होतो. समजा, तुमच्या हातात वेगवेगळ्या कलरचे एक्का आणि राजा आहेत, समोरच्याकडे कुठलेही दोन पत्ते आहेत आणि टेबलावरचे पाचही पत्ते उघडेपर्यंत कुणी हात सोडला नाही. असं पुन्हा पुन्हा झालं तर सरासरीने पॉटमधला सुमारे ६५ टक्के वाटा तुमचा असतो. एक्का-राणीचा वाटा ६४ टक्के. फरक एका टक्क्याचा. म्हणून नवीन खेळाडूला हे दोन हात सख्खी भावंडं वाटतात.

आता एकच गोष्ट बदलू. नऊ जणांच्या टेबलावर ब्लाइंडनंतरच्या, म्हणजे सक्तीचे पैसे लावणाऱ्या दोघांनंतरच्या, पहिल्याच खुर्चीवर मोजके हात खेळणारा माणूस बसला आहे आणि त्याने रेझ केला आहे. त्याच्याविरुद्ध एक्का-राजाचा वाटा ४९ टक्क्यांवर येतो, एक्का-राणीचा ३६ वर. एका टक्क्याचा फरक तेरा टक्क्यांचा झाला. तुमचे पत्ते तेच आहेत. बदलले आहेत ते समोरच्याच्या हातात असू शकणारे पत्ते. पोकरमध्ये पैसे घालवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, पण हे तेरा टक्के न ओळखता ‘एवढा चांगला हात कसा सोडायचा’ म्हणून कॉल करत राहणं हा त्यातला सर्वांत संथ आणि सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या खुर्चीवरचा माणूस मोजकेच हात का खेळतो, यालाही हिशेब आहे. त्याच्या मागे आठ जण बोलायचे बाकी असतात. राण्यांची जोडी किंवा त्याहून मोठी जोडी आणि एक्का-राजा, एवढेच हात धरले तर ते १,३२६ पैकी ३४ होतात, म्हणजे अडीच टक्क्यांहून किंचित जास्त. आठ जणांपैकी निदान एकाकडे त्यातला एखादा हात असण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. हाच माणूस बटणावर, म्हणजे ब्लाइंडच्या अगदी आधीच्या खुर्चीवर असता तर मागे फक्त दोन ब्लाइंड उरले असते आणि ही शक्यता ५ टक्के झाली असती. शिवाय सुरुवातीच्या खुर्चीवरच्याला फ्लॉपनंतरही बहुतेकांच्या आधी बोलावं लागतं. अशा जागेवरून जो रेझ करतो, तो हे ओझं पत्करूनच करतो.

या माणसाची रेंज, म्हणजे तो ज्या ज्या हातांनी असा रेझ करेल त्यांचा संच, आपण कागदावर मांडू. नव्व्यांपासून एक्क्यांपर्यंतच्या सहा जोड्या, प्रत्येकीचे सहा प्रकार, म्हणजे ३६. एक्का-राजा १६, एक्का-राणी १६. एकूण ६८ हात, सगळ्या हातांच्या ५.१ टक्के. ही रेंज आवळलेली आहे, पण कल्पनेतली नाही. थेट टेबलावर खेळणाऱ्या कितीतरी जुन्या खेळाडूंची पहिल्या खुर्चीवरची रेंज अशीच असते.

तुमच्या हातात इस्पिकचा एक्का आणि बदामची राणी आहे. हे दोन पत्ते तुमच्याकडे असल्यामुळे समोरच्याकडे ते असू शकत नाहीत. त्याच्या एक्क्यांच्या जोडीचे सहाऐवजी तीनच प्रकार उरले, राण्यांच्या जोडीचेही तीन. राजे, गुलाम, दश्श्या आणि नव्व्या यांच्या जोड्या सहा-सहा, एकूण चोवीस. एक्का-राजाचे सोळाऐवजी बारा, एक्का-राणीचे नऊ. बेरीज ५१.

आता या ५१ हातांची वाटणी करा. एक्के, राजे किंवा राण्यांची जोडी आणि एक्का-राजा मिळून २४ हात. यांच्यापुढे तुमची अवस्था वाईट आहे: एक्क्यांच्या जोडीविरुद्ध तुमचा वाटा जेमतेम ७ टक्के, एक्का-राजाविरुद्ध पाव हिस्सा, बाकीच्यांविरुद्ध तीस टक्क्यांच्या आतबाहेर. गुलाम, दश्श्या आणि नव्व्यांच्या जोड्या १८. तिथे लढत बरोबरीची म्हणतात, पण खरं तर तुम्ही ४३-४४ टक्क्यांवर, म्हणजे थोडे मागेच. उरलेले नऊ हात तुमच्याचसारखे, तिथे पॉट बहुतेक वेळा अर्धा-अर्धा.

झाले ५१. या यादीत तुम्ही ज्याच्या पुढे आहात असा एकही हात नाही.

एक्का-राजाचा हाच हिशेब केला की चित्र पालटतं. तिथेही बेरीज ५१ च येते, पण तुम्हाला दाबून ठेवणारे हात फक्त सहा: एक्क्यांचे तीन आणि राजांचे तीन. चोवीस जोड्यांशी जवळपास बरोबरीची लढत, नऊ वेळा बरोबरी, आणि एक्का-राणीचे बारा हात असे की जिथे तुम्ही तीन-चतुर्थांश वेळा जिंकता. एक्का-राणी ज्या बारा हातांखाली दबते, ते एक्का-राजाच आहेत. आणि एक्का-राजा ज्यांच्यावर जगतो, ते बारा एक्का-राणीच. एक्का-गुलाम आणि राजा-राणी यांचं वेगळं काही सांगायला नको. दोघेही तीस टक्क्यांच्या आसपास येतात. दोन्ही पत्ते एकाच कलरचे असतील तर दोन ते साडेतीन टक्के मिळवा, त्याहून जास्त नाही. फ्लॉपवरच पूर्ण फ्लश येण्याची शक्यता ०.८४ टक्के आहे, हे ‘कलरचे होते म्हणून कॉल केला’ म्हणणाऱ्याने एकदा तरी लिहून पाहावं.

यावर नेहमीचं उत्तर असतं: ‘स्वस्तात फ्लॉप बघू, एक्का आला तर खेळू.’ ठीक आहे, एक्का आणू. एक्का किंवा राणी, निदान एक तरी फ्लॉपवर येण्याची शक्यता ३२ टक्के असते. समजा फ्लॉप आला चौकटचा एक्का, किलवरची अठ्ठी, बदामची तिर्री. एक्क्याची जोडी, राणीचा आधार. याहून बरा फ्लॉप मागून मिळायचा नाही.

उरलेले हात पुन्हा मोजू. एक्के आता दोनच शिल्लक, म्हणून एक्क्यांच्या जोडीचा प्रकार एक. राजे, गुलाम, दश्श्या आणि नव्व्यांच्या जोड्या चोवीस, राण्यांच्या तीन. एक्का-राजा आठ, एक्का-राणी सहा. एकूण ४२. यातल्या २७ हातांच्या, म्हणजे ६४ टक्क्यांच्या तुम्ही पुढे आहात. ऐकायला छान. पण हे २७ हात कोणते? एक्का बघून घाबरलेल्या जोड्या. राजांची जोडी एखादा बेट देईल, नव्व्यांची तोही देणार नाही. तीन फेऱ्यांत आपला सगळा स्टॅक मध्ये घालायला तयार असणारे हात पाहा: एक्क्यांचा एक, एक्का-राजाचे आठ, एक्का-राणीचे सहा. या पंधरापैकी नऊ तुमच्या पुढे, सहा बरोबरीत, मागे शून्य. पॉट लहान राहिला तर तुम्ही बहुधा जिंकता. पॉट मोठा झाला तर हरता किंवा वाटून घेता. म्हणून ३६ टक्के हा आकडासुद्धा एक्का-राणीच्या बाजूने फुगवलेला आहे. तो पत्ते शेवटपर्यंत फुकट उघडले असते तर मिळणारा वाटा आहे, आणि नो-लिमिटमध्ये फुकट काही उघडत नाही.

आता भाव पाहू. ब्लाइंड ५०-१०० आहेत, रेझ ३००. तुम्ही बटणावर आहात. पॉटमध्ये ४५० आहेत, तुम्हाला ३०० घालायचे आहेत. ३०० भागिले ७५०, म्हणजे ४० टक्के वाटा हवा. एक्का-राणीकडे ३६ आहेत. शिवाय दोन ब्लाइंड अजून बोलायचे आहेत. हाच हात बिग ब्लाइंडवर असता तर १०० आधीच गेले असते. २०० घालून ६५० चा पॉट, गरज ३१ टक्क्यांची. कागदावर कॉल बसतो, पण फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत तुम्ही आधी बोलणार, त्यामुळे ३६ पैकी किती हाती लागतील हा प्रश्न उरतोच. स्पर्धांमध्ये आता बिग ब्लाइंडएवढी अँटी, म्हणजे पॉटमध्ये आधीच पडणारी जादा सक्तीची रक्कम, सर्रास असते. ती १०० ची धरली तर बटणावरची गरज ४० वरून ३५ वर येते आणि बिग ब्लाइंडवरची ३१ वरून २७ वर. म्हणजे कॅश टेबलावर जो हात सोडायचा, तोच स्पर्धेत काठावर येतो. एकाच तक्त्याने दोन्हीकडे खेळणारे लोक या फरकाकडे दुर्लक्ष करतात.

अमेरिकी लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी २००२ साली स्पर्धांवरच्या आपल्या पुस्तकात या साऱ्याला ‘गॅप’ असं नाव दिलं. स्वतः पहिला रेझ करायला जेवढा हात लागतो, त्याहून चांगला हात दुसऱ्याचा रेझ घ्यायला लागतो. मधलं अंतर म्हणजे गॅप. कारण रेझ करणारा दोन प्रकारे जिंकू शकतो, बाकीचे हात सोडून देतात म्हणून किंवा पत्ते सरस ठरतात म्हणून. कॉल करणाऱ्याला त्या क्षणी पहिली वाट बंद असते. त्याच्या कितीतरी आधी डॉयल ब्रन्सन १९७६ आणि १९७७ असे लागोपाठ दोनदा जगज्जेते झाले. ते एक्का-राणी खेळायचं टाळत, ही गोष्ट अमेरिकी टेबलांवर सर्वांना ठाऊक होती. तेव्हा ना उत्तम चाल काढून देणारे सॉल्वर होते ना पॉटमधला वाटा (इक्विटी) मोजणारे प्रोग्राम. वर कागदावर मांडलेली शून्याची यादी त्या पिढीने पैसे मोजून शिकली.

पण ५ टक्क्यांची रेंज हे काही विधिलिखित नाही. समोरचा थोडा मोकळा खेळणारा असेल तर त्याच जागेवरून तो सत्तीपासूनच्या सगळ्या जोड्या, एक्का-गुलाम आणि त्यावरचे हात, राजा-राणी, कलरचे एक्का-दश्शी, राजा-गुलाम, राणी-गुलाम आणि गुलाम-दश्शी खेळेल. हे १२८ हात होतात, ९.७ टक्के. तुमच्या एक्का-राणीमुळे त्यातले १०१ उरतात आणि त्यातल्या ३८ हातांच्या तुम्ही स्पष्ट पुढे असता. वाटा ४९ टक्क्यांवर जातो. बटणावरून कॉल नुसता चालेल असा नाही, तो करायलाच हवा असा होतो.

म्हणजे सगळा निर्णय समोरचा ५ टक्क्यांचा आहे की १० चा, यावर येऊन थांबतो. आणि इथे एक अडचण आहे जिच्याबद्दल पुस्तकांत फारसं बोललं जात नाही. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंमध्ये किंवा जगात कुठेही थेट टेबलावर तासाला साधारण तीस डाव होतात. नऊ जणांत पहिली खुर्ची प्रत्येकाला तासाला तीन-साडेतीन वेळा मिळते. सहा तास बसलात तरी समोरच्याला त्या जागेवर तुम्ही वीसेक वेळा पाहाल. ५ टक्क्यांचा खेळाडू त्यात सरासरी एकदा रेझ करेल, १० टक्क्यांचा दोनदा. पण १० टक्क्यांचा माणूस वीस संधींत एकदाच रेझ करेल किंवा करणारच नाही, याची शक्यता ३९ टक्के आहे. आणि ५ टक्क्यांचा माणूस दोन किंवा जास्त वेळा करेल, याची २६ टक्के. एका रात्रीत, एका खुर्चीवरच्या नोंदीवरून माणूस ओळखला असं म्हणणं धाडसाचं आहे. त्यापेक्षा तो सगळ्या जागांवरून मिळून किती हात खेळतो, बटणावर आणि पहिल्या खुर्चीवर त्याच्या खेळात फरक पडतो का, आणि शेवटी उघडलेले त्याचे पत्ते कोणते होते, हे पाहा. उघडलेला एक कलरचा राजा-गुलाम वीस न पाहिलेल्या डावांपेक्षा जास्त सांगून जातो. ऑनलाइन खेळात हजारो डावांची नोंद आयती मिळायची. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आल्यापासून इथल्या खेळाडूची ती सोय गेली. महाराष्ट्रात तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहेच. आता जे काही शिकायचं ते डोळ्यांनी.

लहान जोड्यांचं गणित एक्का-राणीच्या अगदी उलट चालतं. पंज्यांची जोडी ५ टक्क्यांच्या रेंजपुढे मागेच असते, तरी ती एक्का-राणीपेक्षा खेळायला सोपी, कारण फ्लॉपनंतर शंका उरत नाही. तिसरी पंजी आली, म्हणजे सेट लागला, तर खेळायचं, नाहीतर सोडायचं. तिसरी पंजी येण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. वरच्याच उदाहरणात बटणावरून ३०० चा कॉल केला आणि दोन्ही ब्लाइंड हटले, तर साडेसात वेळा ३०० जातात, एकूण २,२५०. एकदा सेट लागल्यावर ते भरून निघायला हवेत. पॉटमधले ४५० आहेतच, म्हणजे फ्लॉपनंतर समोरच्याकडून सरासरी १,८०० काढावे लागतात, तेव्हा कुठे हिशेब शून्यावर येतो.

प्रत्येकाचा स्टॅक १०,००० असेल तर समोरच्याकडे ९,७०० उरलेत. त्यातले १,८०० निघणं शक्य आहे, विशेषतः त्याची रेंज मोठ्या जोड्यांनी भरलेली असताना. स्टॅक ३,००० असेल तर उरलेल्या २,७०० पैकी १,८०० सरासरीने हवेत, आणि तो अनेकदा एक्का-राजा घेऊन चुकलेला असणार, जमत नाही. स्टॅक २,००० असेल तर १,७०० च उरलेत. १,८०० येणार कुठून? तरी वीस ब्लाइंडच्या स्टॅकवर लहान जोडीने रेझ कॉल करून ‘सेट लागेल’ म्हणून वाट पाहणारे दर स्पर्धेत दिसतात. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत ६०,००० चिप्स आणि १००-२०० च्या ब्लाइंडने सुरुवात होते, म्हणजे ३०० बिग ब्लाइंड. तिथे पहिल्या दिवशी पंज्यांचा कॉल उत्तम. त्याच स्पर्धेच्या चौथ्या दिवशी लहान झालेल्या स्टॅकवर तोच कॉल पैसे फेकण्यासारखा.

गुलामांच्या जोडीचा वाटा या ६८ हातांपुढे जवळपास बरोबर ५० टक्के येतो. त्रास फ्लॉपचा आहे. गुलामाहून मोठा निदान एक पत्ता फ्लॉपवर येण्याची शक्यता ५७ टक्के. राण्यांच्या जोडीला ती ४१, राजांच्या जोडीला २३. म्हणून आवळलेल्या रेझसमोर गुलामांवर पुन्हा रेझ करण्यापेक्षा नुसता कॉल मला बरा वाटतो. पुन्हा रेझ केला की दश्श्या, नव्व्या आणि एक्का-राणी निघून जातात आणि उरतात ते हात, ज्यांच्यापुढे गुलाम एकंदरीत मागे आहेत.

हाच नियम नुसत्या बतावणीला जास्त कडकपणे लागतो. ३०० वर ९०० चा थ्री-बेट, म्हणजे रेझवर पुन्हा रेझ, मारला तर ४५० मिळवण्यासाठी ९०० लावले. समोरच्याने तीनपैकी दोनदा हात सोडला तरच तो स्वतःच्या जोरावर फिटतो. ६८ हातांचा मालक राण्या, राजे, एक्के आणि एक्का-राजा घेऊन थांबला तर ३४ हातांनी थांबतो, ३४ सोडतो. पन्नास टक्के. तुमच्याकडे कलरचा एक्का-पंजी असला, तर तुमच्या एक्क्यामुळे त्याचे मोठे हात कमी होतात, ५७ पैकी ३० सुटतात, ५३ टक्के. ‘ब्लॉकर’चं एवढं कौतुक होतं, त्याचं इथलं मोल तीन टक्क्यांच्या आत. बटणावरून ४० टक्के, म्हणजे ५३० हातांनी रेझ करणाऱ्याने त्यातले १३३ ठेवले, तर तो ७५ टक्के वेळा हात सोडतो. बतावणी तिथे करा.

एक हिशेब मुद्दाम पुरा मांडलेला नाही: नव्व्यांची जोडी, त्याच ६८ हातांपुढे. वाचून सोडू नका, कागद घेऊन करा. तुमच्याकडे दोन नव्व्या असल्याने समोरच्याच्या सहा नव्व्यांपैकी एकच प्रकार उरतो, बाकी काही बदलत नाही. बेरीज ६३ यायला हवी: ३० मोठ्या जोड्या, १ बरोबरी, आणि ३२ एक्का-राजा व एक्का-राणी, ज्यांच्यापुढे तुम्ही ५५ टक्क्यांच्या आसपास आहात. तुमचा वाटा ३८ टक्क्यांच्या जवळ आला, तर हिशेब बरोबर आहे.